मार लागला होता का?

डाव्या स्तनातली गाठ चाचपत डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "इथे मार लागला होता का?"

"नाही," ही म्हणाली. पडद्यापलीकडे थोरला भाऊ बसला होता. खरं सांगितलं असतं, तर त्याने त्याच संध्याकाळी आईला वृद्धाश्रमात नेऊन टाकलं असतं. निमित्तच शोधत होता तो. महिन्यातून एकदा यायचा, "म्हातारी कशी आहे गं?" विचारायचा आणि उत्तर ऐकायच्या आत पायांत चपला!

ही घरीच शिवणकाम करायची आणि आईला सांभाळायची. आईला आता लेक ओळखू येत नव्हती. अंघोळीला बसवलं की "चोर! चोर!" ओरडून कोपर हाणायची. दोन महिन्यांपूर्वी छातीत एक घाव असा बसला, की हिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "हाण," ही म्हणाली, "लहानपणी राहिलं असेल तेवढं उरकून घे." आई दमली, हिच्याच खांद्यावर डोकं टाकून म्हणाली, "बाई, तू चांगली आहेस. तुझी आई कुठंय?"

फोटोत गाठ वाईट दिसली. कडा ओबडधोबड, वरची कातडी आत ओढलेली. सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवस हिने मरणाची वाट पाहिली, पण ब्र काढला नाही. मूर्ख म्हणा खुशाल. ज्यांनी कधी कुणाचं ढुंगण धुतलं नाही, त्यांनी आधी म्हणा.

"कॅन्सर नाही!" डॉक्टरीणबाई हसल्या. "मार लागून आतली चरबी मेलीय. दिसते हुबेहूब कॅन्सरसारखी, पण हळूहळू विरेल. आता तरी सांगा, मारलं कोणी?"

भावाने हिच्या मनगटावरचे ओरखडे पाहिले.

"आईने?"

हिने हात मागे घेतला.

"बास झालं. उद्याच नेतो तिला."

"दादा, आठ दिवस मी मरणार होते, तेव्हा आईचं काय करायचं हे सुचलं का तुला?"

"सुचलं की. तेव्हाच जागा बघून ठेवली."

आई शहाण्यासारखी गाडीत बसली. एकदाही कोपर उगारलं नाही. काचेतून हिला म्हणाली, "येते हं बाई. आईला जप."

त्यानंतर ही रोज अंघोळीला गाठ चाचपायची. सुपारीएवढी होती, ती वाटाण्याएवढी झाली. डॉक्टरीणबाई खूश.

एका सकाळी गाठ सापडेना. हिने डावा हात वर केला, पुन्हा शोधली. मग बादलीतलं पाणी गार होईस्तोवर शोधत राहिली.