हरणांचा सोमवार

बेकारभत्ता घेणाऱ्या माणसाला दर रविवारी राज्याच्या संकेतस्थळावर त्याच त्या प्रश्नांची पुन्हा उत्तरं द्यावी लागतात. या आठवड्यात काही काम केलं का? काम शोधलं का? कुणी कामाला बोलावलं असतं तर सगळे दिवस जाऊ शकला असता का? बहुतेक लोक डोळे झाकून उत्तरं देतात. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या आठवड्यात वेंडेल क्रॅमरने मात्र शेवटच्या प्रश्नापुढे ‘नाही’ निवडलं आणि खाली कारण लिहिलं: सोमवारी हरणं.

आमच्या डोंगरात याहून जास्त लिहायची गरज कुणाला वाटली नसती. तो शिकारीचा पहिला दिवस. शाळेला सुट्टी असते, आणि वेंडेल कामाला होता तो खुर्च्यांचा कारखाना चालू होता तेव्हा त्यालाही असायची. पण राजधानीतल्या कार्यालयात ते उत्तर वेगळं काढलं गेलं, वेंडेलचा अर्ज चौकशीसाठी बाजूला ठेवला गेला, आणि पैसे थांबले.

नाताळ गेला, नवं वर्ष लागलं. वेंडेल रोज सकाळी त्या कार्यालयात फोन लावायचा. कधी लागायचाच नाही, कधी संगीत वाजत राहायचं आणि अचानक बंद व्हायचं. एकदा त्यांचा फोन आला होता म्हणे, पण अनोळखी नंबर पाहून त्याने उचलला नाही. आमच्याकडे अनोळखी नंबर म्हणजे विमा विकणारे. त्यामुळे तो पुन्हा रांगेच्या शेवटी गेला.

दरम्यान घर गरम ठेवायचं तेल संपलं. तेलवाला उधारीवर द्यायला तयार नव्हता, त्याचेही पैसे कुणीतरी थकवले असणार. क्रॅमर नवरा-बायको स्वयंपाकघरात ओव्हन उघडा ठेवून दिवस काढत होते. वेंडेलच्या बायकोला, लोर्नाला, शरद ऋतूत न्यूमोनिया झाला होता. घर थंड राहता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेवटी फ्लोरिडातल्या तिच्या बहिणीने, आर्डिथने, विमानाचं तिकीट पाठवलं. शनिवारचं.

“एकदा गेले की वसंतापर्यंत ती मला सोडायची नाही,” लोर्ना मला म्हणाली. “आणि तिच्याकडे तीन पोपट आहेत, प्रोफेसर. ती माझ्यापेक्षा त्यांच्याशी बरं बोलते.”

मी प्रोफेसर नाही. गावच्या लायब्ररीत पुस्तकं द्यायचो-घ्यायचो, एवढंच. पण नाव पडलं ते पडलं. कार्यालयातून पुन्हा फोन येणार असल्याचा निरोप आला, तेव्हा ‘चार पुस्तकं वाचलेलं माणूस जवळ असावं’ म्हणून लोर्नाने मला बोलावून घेतलं. मी कशाला उपयोगी पडणार हे मला कळत नव्हतं. नाही म्हणायला मात्र जमलं नाही.

“सरळ सांगायचं, चुकून बटण दाबलं गेलं,” लोर्नाने नवऱ्याला पढवलं. “बास. जास्त बोलायचं नाही. बरोबर ना, प्रोफेसर?”

मी चष्मा पुसत बसलो.

“प्रोफेसरांना खोटं चालत नाही,” वेंडेल म्हणाला.

“प्रोफेसरांच्या घरात तेल आहे,” लोर्ना म्हणाली.

फोन वाजला. लोर्नाने तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. मिसेस पॅचेट नावाच्या बाई बोलत होत्या. आवाज दमलेला होता, मधूनमधून खोकत होत्या.

“मिस्टर क्रॅमर, त्या सोमवारी तुम्ही कामाला उपलब्ध नव्हतात, असं तुम्ही लिहिलंय.”

“चुकून दाबलं गेलं, बाई. बोटं जाडी आहेत माझी.”

“आणि ‘सोमवारी हरणं’ हेही बोटांनी चुकून लिहिलं?”

लोर्नाने डोळे मिटून घेतले.

“ते... सवयीने लिहिलं गेलं.”

“म्हणजे तुम्ही शिकारीला गेला नव्हतात.”

“नव्हतो.”

“घरी होतात.”

“घरीच. पाय दुखत होता.”

“ठीक आहे.” त्या पुन्हा खोकल्या. “नाहीतरी काय मिळणार होतं म्हणा. माझा भाऊ गेला होता तुमच्याच भागात. रिकाम्या हाताने परत आला. हरणंच उरली नाहीत म्हणे तिकडे.”

“कोण म्हणतं?” वेंडेल ताडकन सरळ बसला. “तुमच्या भावाला बसायची जागा कळली नसेल! आठ टोकांच्या शिंगांचा नर पाडलाय मी! ओढ्याच्या वरच्या अंगाला, पहिल्याच गोळीत!”

आणि त्याने तोंडावर हात ठेवला.

“झालं,” लोर्ना पुटपुटली. “आले रे पोपटांनो, आले.”

बाईंनी भावाची ती गोष्ट मुद्दाम काढली होती की सहज बोलून गेल्या, हे मला आजही ठरवता येत नाही. पण पुढे त्या जे बोलल्या, त्यावरून वाटतं की त्यांच्या मनात वाईट नव्हतं.

“मिस्टर क्रॅमर, खोटी माहिती दिली अशी नोंद मी केली, तर तुमचा सगळा अर्ज बाद होईल. मी अजून काहीच टाइप केलेलं नाही. पहिल्यापासून विचारते. शिकारीला गेला होतात?”

वेंडेलची मान खाली गेली. “गेलो होतो, बाई.”

“त्या दिवशी कुणी कामाला बोलावलं असतं तर?”

“कोण बोलावणार? त्या दिवशी इथे सगळंच बंद असतं.”

“हे तुम्ही म्हणताय. दुसरं कुणी सांगू शकेल?”

लोर्नाने माझ्याकडे बोट केलं. “आहेत ना! आमचे प्रोफेसर इथेच बसलेत!”

मी फोनकडे सरकलो. नाव सांगितलं, तेही दोनदा सांगावं लागलं.

“तुम्ही शिकार करता का?” बाईंनी विचारलं.

“नाही. बंदुकीच्या आवाजाने माझं डोकं दुखतं. मी घरात वाचत पडतो.”

“मग तुम्हाला काय माहीत?”

“लायब्ररी बंद असते, बाई. शाळा बंद असते. कारखाना एका वर्षी मालकाने चालू ठेवून पाहिला. भोंगा वाजला, दिवे लागले, आणि आत मालक एकटाच. दुपारी तोही कुलूप लावून जंगलात गेला.”

बाई हसल्या. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण मी हसवलंय अशी माणसं आयुष्यात फार भेटली नाहीत मला, त्या भरात पुढे बोलून गेलो. “खरं सांगायचं तर, त्या दिवशी कुणी बोलावलं असतं तरी इथला एकही माणूस गेला नसता.”

टेबलाखालून लोर्नाचा बूट माझ्या नडगीवर बसला.

“आणि बाकीचे दिवस?” बाईंनी विचारलं.

“मंगळवारी सगळे हजर असायचे,” मी घाईघाईने म्हणालो. “डोळे लाल असायचे, पण हजर असायचे. वेंडेल तर कारखान्याच्या गेटवर सगळ्यांच्या आधी. कारखाना बंद झाल्यापासून त्याने काम मागितलं नाही, असं एकही दार या खोऱ्यात राहिलेलं नाही.”

कळफलकाचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग त्या म्हणाल्या, “निर्णय कळवू. आणि मिस्टर क्रॅमरांच्या पायाला आराम पडो.”

त्या रात्री मला धड झोप लागली नाही. ‘एकही माणूस गेला नसता’ हे माझं वाक्य डोक्यात फिरत होतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर नीट तोलूनमापून सांगितलं असतं. मी एका माणसाला वाचवायला बसलो आणि अख्ख्या गावाची कबुली देऊन आलो.

निर्णयाचा कागद शुक्रवारी आला. वेंडेल तो घेऊन माझ्या दारात उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. बाकीच्या सगळ्या आठवड्यांचा भत्ता मंजूर झाला होता, पैसे बँकेत जमाही झाले होते. फक्त हरणांचा आठवडा नामंजूर. कारण वाचून माझे कान तापले: साक्षीदाराच्या सांगण्यानुसार अर्जदाराने त्या दिवशी काम स्वीकारलं नसतं.

“वेंडेल, माझ्यामुळे तुझा एक आठवडा...”

“तुम्ही नसता तर सगळेच गेले असते,” तो म्हणाला. “मी तर पाय दुखतो असं सांगून बसलो होतो! पण प्रोफेसर, पुढच्या खेपेला मंगळवारपासून सुरू करा. सोमवार गाळा.”

“पुढची खेप?”

“आता चला. तेलाची गाडी येतेय. लोर्नाला वाटतं तुम्ही तिच्यावर रागावलात, लाथेमुळे.”

आम्ही पोहोचलो तेव्हा टाकी भरून झाली होती. वेंडेल तळघरात उतरला. लोर्ना एका हातात फोन धरून गरम हवा वर येते त्या जमिनीतल्या झडपेपाशी वाकली होती. पलीकडून आर्डिथ बोलत होती आणि तिच्या मागे काहीतरी कर्कश ओरडत होतं.

“नाही, येत नाही मी,” लोर्ना म्हणत होती. “तिकीट परत कर... अगं, रागावले नाही... थांब जरा, ऐकू दे.”

तिने मला हाताने गप्प राहायला सांगितलं. खरं तर मी काहीच बोलत नव्हतो. खाली घर गरम करणाऱ्या भट्टीने दोनदा आचका दिला, विझली, पुन्हा घरघरली आणि मग एकसारखी चालू झाली. झडपेतून आधी धुळीचा वास वर आला. लोर्नाला खोकला आला, पण ती तिथून हलली नाही. तळवा झडपेवर धरून तशीच वाकून राहिली. फोनमध्ये बहीण तिचं नाव घेऊन हाका मारत होती.