सदतिसाव्या मिनिटाला

तू माणूस आहेस हे सिद्ध करून दाखव, असं पत्र आलं तेव्हा धाकटा पोट धरून हसला. पत्र पोकरच्या परदेशी कंपनीचं होतं, इंग्रजीत. भाषा अगदी आदबशीर, 'सर' आणि 'प्लीज' जागोजागी, पण मतलब हाच. आपण रोज आठ तास, एकाच वेळी बारा टेबलांवर खेळता आणि प्रत्येक निर्णयाला जवळजवळ सारखाच वेळ घेता. तरी हा खेळ माणूस खेळतो आहे की यंत्र, याची आम्हाला खात्री हवी. खात्री पटली नाही तर खातं बंद.

धाकटा म्हणजे चष्मेवाल्यांचा धाकटा. चौतीस वर्षांचा घोडा झाला तरी घरात आणि गल्लीत त्याला हेच नाव. पाच वर्षांपूर्वी नोकरी सुटली तेव्हापासून मागच्या खोलीत दोन मोठे स्क्रीन मांडून तो ऑनलाइन पोकर खेळत होता. कुणी जुगार म्हटलेलं त्याला खपत नसे, आणि खरं सांगायचं तर त्यात जुगाराची मजा काही उरलीच नव्हती. एका स्क्रीनवर सहा टेबलं, दुसऱ्यावर सहा. ज्या टेबलावर आपली पाळी येईल ते लुकलुकणार. तिकडे बघायचं, हातातले पत्ते जोखायचे आणि शंभरातल्या ऐंशी वेळा ते टाकून द्यायचे. तोवर दुसरं लुकलुकायला लागलेलं असतं. एकाच टेबलावर बसणारा माणूस कंटाळतो, त्याला मोह होतो, तो नको तिथं हात घालतो. बारा टेबलांवर मोहाला सवडच मिळत नाही. दर टेबलावर आणखी पाच जण, म्हणजे साठ माणसं दिवसभर त्याच्यासोबत बसलेली असत आणि कुणी कुणाशी चकार शब्द बोलत नसे. गप्पा मारायला कोपऱ्यात एक चौकट होती खरी, पण ती त्याने पहिल्याच महिन्यात बंद करून टाकली होती.

घरात बोलायला होते एकटे बाबा. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि ताई लग्न होऊन दुसऱ्या शहरात. बाबांनी चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलं. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवायची, एक भिंग घालायचं, काढायचं, दुसरं घालायचं आणि विचारायचं, "हे नीट, की हे?" मग गप्प उभं राहायचं. समोरचा गोंधळला तरी त्याला घाई करायची नाही, त्याच्या तोंडात उत्तर घालायचं नाही. गुडघ्यांनी दगा दिला तसं दुकान विकलं आणि चष्मेवाले घरी बसले. घरी विचारायला एकच गिऱ्हाईक, तेही पाठमोरं. "चहा ठेवू?" हं. "जरा पाय मोकळे करून येतो." हं. धाकट्याच्या त्या हुंकाराला कानांची गरज पडत नसे. तोंड परस्पर म्हणून मोकळं व्हायचं.

कंपनीला हवा होता एक तासाचा व्हिडिओ. आधी फोन हातात धरून सबंध खोली फिरवून दाखवायची, खोलीत दुसरं कुणी नाही हे दिसलं पाहिजे. मग फोन असा ठेवायचा की चेहरा, दोन्ही हात आणि दोन्ही स्क्रीन एकदम दिसतील. कानाला काही लावायचं नाही, मधेच थांबायचं नाही. धाकट्याने स्टुलावर डबे रचले, वर फोन टेकवला, खोली फिरवून दाखवली. एक खाट, एक कपाट, एक खिडकी, दोरीवर टॉवेल. दुसरं कुणी नाही. मग भर दुपारी तासभर खेळला आणि न बघताच व्हिडिओ पाठवून दिला. स्वतःला तासभर पत्ते टाकताना कोण बघत बसणार?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पाणी प्यायला बाहेर आला तर घर सामसूम. बाबांच्या चपला नाहीत, कोट नाही. कपाट उघडलं तर भिंगांची ती मखमली पेटीसुद्धा नाही, जी दुकान विकतानाही त्यांनी दिली नव्हती. त्याने घाबरून ताईला फोन लावला.

"पोहोचले की मघाशीच," ताई म्हणाली. "चहा पिऊन जरा पडलेत."

"पोहोचले म्हणजे? मला न सांगता?"

"तुला सांगितलं म्हणाले."

"कधी? खोटं आहे!"

"धाकट्या, बाबा कशाला खोटं बोलतील?"

"मग काय मी बोलतोय? चोरासारखे निघून गेले, ताई. स्वतःच्या घरातून!"

यावर ताईने फोन ठेवला. धाकटा चांगलाच दुखावला गेला. आपण या माणसाच्या औषधांच्या वेळा पाळतो, गॅस संपायच्या आत नोंदवतो, आणि हा माणूस निघताना साधा एक शब्द टाकत नाही! येतील चार दिवसांनी तोंड पाडून, असं तो स्वतःशी म्हणाला. चार दिवसांचे अकरा झाले. त्याने फोन केला नाही आणि तिकडूनही आला नाही. चहा आता तोच ठेवू लागला, पण दोन कप पाणी घालायची सवय जाईना. उरलेला चहा मोरीत ओतताना त्याला वडिलांचा भयंकर राग यायचा, आणि राग ओसरला की घर इतकं मोठं वाटायचं की तो भांडी जरा आपटून ठेवायचा.

बाराव्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं.

आपला व्हिडिओ तपासला. खेळ समाधानकारक आहे. परंतु सदतिसाव्या मिनिटाला खोलीत दुसरी व्यक्ती येते व आपल्याशी बोलते. आमच्या तपासनीसांना ती भाषा कळत नाही. तरी ही व्यक्ती कोण, ती काय म्हणाली आणि आपण काय उत्तर दिलं, हे शब्दशः लिहून दोन दिवसांत पाठवावं.

धाकटा चरफडला. भलत्याचंच प्रकरण आपल्या माथी मारतायत, म्हणाला. खोलीत कुणी आलंच नव्हतं, ही तर सूर्यप्रकाशाइतकी स्वच्छ गोष्ट. त्यांना तसं ठणकावून लिहिण्याआधी पुरावा असावा म्हणून त्याने व्हिडिओ उघडला आणि सदतिसाव्या मिनिटाला नेला.

दारात बाबा उभे होते.

इस्त्रीचा सदरा घातलेला, केस विंचरलेले. परक्याच्या घरी आल्यासारखे. उघड्याच दारावर त्यांनी दोन बोटांनी टकटक केलं. खुर्चीत बसलेल्या त्या माणसाने, म्हणजे धाकट्याने, मानसुद्धा वळवली नाही. बाबा आत आले आणि खुर्चीच्या मागे उभे राहिले. ते स्क्रीनकडे बघत होते. थोडा वेळ गेल्यावर धाकट्याच्या लक्षात आलं की ते सवड शोधतायत. एक टेबल विझलं की ते बोलायला तोंड उघडायचे, तेवढ्यात दुसरं लुकलुकायचं आणि ते पुन्हा मिटायचे. अशी चार मिनिटं गेली. बारा टेबलांमध्ये सवड नसते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"जरा वेळ आहे का रे?"

"हं."

"ताई बोलावतेय. चार दिवसांसाठी नाही. कायमचंच ये म्हणते."

"हं."

"मी म्हटलं, धाकट्याला विचारून सांगतो. तसं इथं मला काही कमी नाही. पण दिवस फार मोठा होतो रे. तुझं तर काम असतं, मला कळतं ते."

कळफलकाची टकटक. एका टेबलावर पत्ते पडले.

"तू राहा म्हणालास तर राहतो मी. माझं तसं काही नाही." त्यांनी घसा साफ केला. "जाऊ, की राहू?"

आणि मग ते गप्प उभे राहिले. दुकानात उभे राहत तसे, दोन्ही हात मागे बांधून, जराही घाई न करता. धाकट्याने व्हिडिओच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट आणि दहा सेकंद. तेवढ्यात सहाव्या टेबलावर त्याला दोन नव्व्या आल्या होत्या, त्या त्याने जपून खेळल्या आणि शेवटी टाकून दिल्या. ते त्याला आत्ताही लख्ख आठवत होतं. कुठल्या टेबलावर कुणी बोली किती वाढवली, कुणी कधी पत्ते टाकले, सगळं. मागे उभा असलेला माणूस तेवढा आठवत नव्हता.

"जाऊ मग?"

"हं."

बाबांनी मान हलवली. खिडकीतून उन्हाची तिरीप थेट धाकट्याच्या डोळ्यांवर येत होती. जाता जाता त्यांनी पडदा ओढला, आता तिरीप येत नाही ना हे वाकून पाहिलं आणि ते निघून गेले. खुर्चीतला धाकटा पत्ते टाकत राहिला.

धाकट्याने व्हिडिओ बंद केला. मग त्याने कंपनीचा फॉर्म उघडला. व्यक्ती कोण? वडील, असं त्याने लिहिलं. व्यक्ती काय म्हणाली? इथं त्याने चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा खोडलं. आपण काय उत्तर दिलं? त्याखाली शेवटचा प्रश्न होता, नुसती खूण करायचा: या व्यक्तीच्या बोलण्यामुळे आपला एखादा निर्णय बदलला का? होय की नाही? नाही म्हणणंच खरं होतं, आणि कंपनीला तेच हवं होतं. तो मुडदा बसवल्यासारखा तिथं बसून होता, साधा अर्धा सेकंद चुकला नव्हता. त्याला हुंदका आला. पाच वर्षांत आला नव्हता, आईच्या वेळीही आला नव्हता, आणि आता भर सकाळी एका फॉर्मपुढे आला. त्याने दोन्ही स्क्रीन बंद केले आणि फोन लावला.

"बोल," बाबा म्हणाले. मागे ताईच्या घरातला गलका होता, कुकरची शिट्टी, कुणीतरी मोठ्याने हसत होतं.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, जाऊ की राहू? मी ऐकलंच नव्हतं. आज ऐकलं."

"आज? आज कसं काय?"

धाकट्याने व्हिडिओचं सगळं सांगितलं. कंपनी, अट, खोलीत दुसरं कुणी नको, सदतिसावं मिनिट. बाबांनी मधे न बोलता ऐकून घेतलं.

"म्हणजे मी मधे आलो म्हणून तुझं काम अडलं की काय?" त्यांचा आवाज एकदम काळजीत पडला. "मला काय ठाऊक, तिथं फोन चालू होता! तू असं कर, मी लिहून देतो. मी खेळातलं काही सांगितलं नाही, मला त्यातलं काही कळतही नाही. सहीनिशी देतो. चालेल त्यांना?"

"कामाचं सोडा हो, बाबा!" धाकटा म्हणाला. "तुम्ही... तुम्ही पुन्हा विचारा ना मला. आत्ता विचारा. मी नीट ऐकतोय."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज झाला आणि गलका बंद पडला. बाबा बहुधा गॅलरीत आले होते. धाकट्याने वाट पाहिली. या खेपेला त्याने घाई केली नाही.

"नको रे," बाबा म्हणाले. "एकदा विचारायलाच मला आठ महिने लागले होते."