तीनदा बॅटरी

गंगारामतात्यांना सल्ले द्यायची भारी हौस. त्यांची सून मेघना बारामतीच्या एका दवाखान्यात नर्स होती. संध्याकाळची ड्यूटी संपवून ती स्कूटीवरून शेळगावला एकटी यायची. नवरा सुयश पुण्यात नोकरीला. म्हणून तात्यांनी तिला बजावून ठेवलं होतं, "सुयशचं जाकीट घालायचं, वर हेल्मेट. बाई हाय ते कुणाला कळता कामा न्हाय. आन् कुणीबी हात केला तरी थांबायचं न्हाय. गाडी दामटायची." मेघनाने मुकाट ऐकलं. नोकरी टिकवायची तर घरात वाद परवडणारे नव्हते.

मग चोर फिरतायत अशी आवई उठली आणि गावाने गस्त सुरू केली. पारावर बैठक झाली. रात्री अकरानंतर गस्तवाल्यांनी तीनदा बॅटरी मारली की गाडी थांबवून नाव सांगायचं, थांबला नाही तो चोर, असं ठरलं. पारावर बायका बसत नाहीत. तात्या बसले होते. मान डोलावून घरी आले, जेवले आणि झोपले. ही एवढी एकच गोष्ट घरात सांगायची त्यांना सुचली नाही.

शुक्रवारी बदलीची नर्स आलीच नाही. मेघनाला निघायला साडेअकरा वाजले. तिने तात्यांना फोन लावला, पण तात्या गस्तीवर आणि फोन घरात चार्जिंगला. गावाच्या अलीकडे, कालव्याच्या पुलावर, अंधारातून तीनदा उजेड चमकला. उजेडामागे माणसं होती, हातात काठ्या होत्या. तात्यांनी सांगितल्याप्रमाणे मेघनाने गाडी दामटली.

पहिली काठी मनगटावर बसली आणि स्कूटी आडवी झाली. दुसरी पाठीत.

"सोडू नका रं! चोर हाय!" आवाज तिच्या ओळखीचा होता.

"तात्या, मी हाय!" ती ओरडली, पण हेल्मेटातून कोणाला ऐकू जाणार? कुणीतरी हेल्मेट ओढून काढलं, वेणी बाहेर पडली, तेव्हा सगळे मागे सरले.

"अगं, थांबली का न्हाईस?" तात्या तिच्यावरच खेकसले. काठी अजून त्यांच्या हातात होती.

"तुमीच म्हणला व्हता, थांबायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी मनगटाला प्लास्टर बसलं आणि पारावर पुन्हा बैठकही बसली. जिला मारलं तिला कुणी बोलावलं नाही. तात्या ठराव घेऊन घरी आले.

"आठाच्या पुढं बाईमाणसानं एकटं भाईर पडायचं न्हाय. तुझ्या दवाखान्यात मी फोन करून सांगितलंय, सून आता येणार न्हाय म्हणून."

चार वर्षांची नोकरी एका फोनात गेली. मेघनाच्या अंगाची आग झाली.

"आन् गस्त?"

"ती चालूच ऱ्हाणार. नव्या बॅटऱ्या आणल्यात."

"मला मारलं कुणी, तात्या? चोरानं?"

जेवण उरकून तात्यांनी कोपऱ्यातली तीच काठी उचलली आणि ते बाहेर पडले.

"तुझ्याच भल्यासाठी हाय," ते दाराआडून म्हणाले, आणि बाहेरून कडी घातली.