निघण्याआधी बसणं

"बसा रे सगळे!" म्हाताऱ्या नझारने दार लोटून घेतलं. "न बसता निघालो आणि वाटेत चाक मोडलं, तर जनरलसाहेब माझ्याच नावानं शंख करतील."

जनरल खोल्मिन ट्रंकेवर बसले. नझार त्यांचा पलटणीपासूनचा नोकर. अर्धं आयुष्य पलटणीत गेल्यावर झारने खोल्मिनना या प्रांताचं गव्हर्नर केलं, आणि पलटण हाकली तसाच त्यांनी प्रांत हाकला. काल राजधानीहून पदावरून दूर केल्याची तार आली आणि सगळं आटोपलं. आज अख्खं गाव पाव-मीठ घेऊन नव्या गव्हर्नरच्या स्वागताला नदीवर धावलं होतं. इथे निरोपाला चिटपाखरू नव्हतं. याचं वाईट वाटायला हवं, हे खोल्मिनना कळत होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं.

माळी बसला, मोलकरीण बसली. स्वयंपाकीण उस्तिन्या तेवढी चुलीपाशी उभी.

"अगं बस की बये!" नझार खेकसला. "जाणाऱ्यासाठी घरातल्या सगळ्यांनी घडीभर गप्प बसायचं असतं."

"माझ्या फेदोतसाठी कोण बसलं होतं?" ती म्हणाली. "शिपायांनी जेवता जेवता उठवला त्याला. बूटसुद्धा घालू दिले नाहीत मेल्यांनी."

दोन वर्षांपूर्वी जमीनदाराच्या रानात कुऱ्हाडी घेऊन शिरलेल्या शेतकऱ्यांत फेदोत होता. त्या सगळ्यांना सैबेरियात धाडण्याच्या हुकमावर खोल्मिननी सही केली होती. पोरगा कुणाचा, हे माहीत असून. त्या रात्री उस्तिन्याने नेहमीसारखं कोबीचं सूप वाढलं आणि ते नेहमीसारखे जेवले. त्यावर ती आजवर चकार शब्द बोलली नव्हती.

तिने बसावं, एवढंच आता खोल्मिनना हवं होतं. का, ते त्यांना सांगता आलं नसतं.

"उस्तिन्या," ते म्हणाले, "फेदोतसाठी बस."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग डोक्यावरचा रुमाल सारखा करून ती स्टुलाच्या कडेला टेकली.

बाहेर गाडीवान ओरडला, घोडे गारठले म्हणून. आधी उठायचं ते जाणाऱ्याने, असा रिवाज. नझार खाकरला, पुन्हा खाकरला. खोल्मिन बसूनच राहिले. ही बैठक आता त्यांची नव्हती, फेदोतची होती.

शेवटी उस्तिन्याच उठली. डोळे कोरडे होते.

"उठा सरकार," ती म्हणाली. "गेला तो."

खोल्मिन उठले. टोपी हातातच होती, तरी ते ट्रंकेवर ती शोधत राहिले.