खोक्यावरची बटणं

इमारतीतला एकही मतदार सुटू द्यायचा नाही, असा चंगच वहिनींनी बांधला होता. वहिनी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या. सगळी इमारत त्यांना याच नावाने ओळखायची आणि जरा दबकूनही असायची. कोण नुकतं अठराचं झालं, कोणाचा पत्ता बदलला, कोणाच्या नावात चूक आहे, सगळं त्यांना तोंडपाठ. फॉर्म भरायला टाळाटाळ करणाऱ्याच्या घरी त्या सही मिळेपर्यंत ठाण मांडून बसत.

सोबत त्यांच्या नणंदबाई असत. नवऱ्याची थोरली बहीण, एकटी, नोकरी संपल्यावर इथे आलेली. वन्संनी बुटांच्या खोक्यावर शर्टाची जुनी बटणं चिकटवून मतदान यंत्र केलं होतं. घरोघरी ते मांडीवर घेऊन त्या बटण दाबत आणि तोंडाने लांबलचक 'पीं' करत. घाबरट म्हातारेही हसत आणि स्वतः दाबून बघत.

एक दिवस वन्संनी मुद्दाम स्वतःचा फोटो काढून आणला. "माझाही फॉर्म भर गं," म्हणाल्या.

"भरते की," वहिनी म्हणाल्या.

भरायला बसल्याही. पण पत्त्याच्या रकान्यापाशी पेन अडलं. वन्संना येऊन तीन वर्षं झाली होती, तरी आल्यागेल्याला वहिनी सांगत, चार दिवसांसाठी आल्यात. वन्सं राहत ती मागची खोली वहिनींना धाकट्या मुलाच्या अभ्यासाला हवी होती. एकदा हा पत्ता लागला की बाई इथल्याच झाल्या, असं मनात आलं आणि त्यांनी फॉर्म बाजूला सारला. जगाचे फॉर्म भरता भरता मुदत संपली. त्यांनी वन्संना पत्ता लागू दिला नाही.

मतदानाच्या सकाळी वन्सं सगळ्यांआधी तयार. इस्त्रीचे कपडे, पर्समध्ये ओळखपत्र. तेव्हा तरी सांगायला हवं होतं, पण वहिनींची जीभ रेटेना. यादीत चुकून नाव असेलही, अशी त्यांनी स्वतःची वेडी समजूत घातली.

शाळेच्या वर्गात रांग होती, पुढेमागे इमारतीतलीच माणसं. टेबलामागच्या बाईंनी दोनदा यादी पाहिली आणि नाव नाही म्हणून सांगितलं. वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका उखडले. ज्यांनी आम्हाला शिकवलं त्यांचंच नाव नाही म्हणजे काय, फॉर्म आमच्या वहिनींनी भरलाय, त्या कधी चुकायच्या नाहीत, विचारा त्यांना.

सगळे वहिनींकडे बघू लागले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. वन्संनीही त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळायचं ते कळलं.

"तिची काही चूक नाही," त्या काकांना म्हणाल्या. "मी इथे पाहुणी आहे. चार दिवसांसाठी आलेय."

वन्सं दाराजवळच्या बाकावर बसून राहिल्या, वहिनींचं मत देऊन होईपर्यंत.

परतताना वहिनींनी शाईचं बोट मुठीत लपवलं होतं. इतकी शरम त्यांना जन्मात कधी वाटली नव्हती. घराचं कुलूप काढताना त्यांनी कसंबसं तोंड उघडलं.

"वन्सं, उद्याच्या उद्या तुमचा फॉर्म भरू."

"पत्ता कुठला लिहिशील?"

टोमणा असता तर वहिनींनी तो गिळला असता. पण वन्सं खरंच विचारत होत्या.