खालची चाल

“चाचा, तुमच्या बँडला व्हिडिओ गेममधलं वाजवता येतं का?”

प्रश्न माझ्या मनातलाच होता, पण तो तोंडाने विचारायची पैज नौशीन आणि रूपाने लावली होती. रूपाच्या ताईचं लग्न होतं. पिंप्राळ्यात त्यांच्या कॉलनीतल्या मोकळ्या जागेवर मांडव पडला होता आणि वऱ्हाड सावद्याहून येताना केळीच्या ट्रकांमागे कुठेतरी अडकलं होतं. बँडवाले लाल कोट घालून तासभर लिंबाखाली बसून. नौशीन म्हणाली, आमचे कान खातेस ना रोज, मग जा, त्या मास्टरला विचार. विचारलंस तर माझ्या वाटणीचे गुलाबजाम तुझे.

मी गुलाबजामसाठी गेले नाही, हे आधीच सांगते. मी गेले सुलक्षणा मॅडममुळे.

स्नेहसंमेलनाच्या यादीत मी नाव दिलं होतं: ज्योती, नववी ब, ‘लँटर्न कोस्ट’चं संगीत. संगीताच्या सुलक्षणा मॅडमनी विचारलं, कोणतं वाद्य? मी म्हटलं, वाद्य नाही, मी त्या संगीताबद्दल बोलणार, मला त्यातलं सगळं माहीत आहे. मॅडम रागावल्या नाहीत, म्हणून तर ते जास्त लागलं. “ऐकणाऱ्यांसाठी खुर्च्या असतात ज्योती, स्टेज वाजवणाऱ्यांचं. सोमवारपर्यंत वाद्य ठरव, नाहीतर नाव काढते.”

घरी सांगितलं तर पप्पा हसले. ॲबॅकस सोडलं, चित्रकलेचा क्लास सोडला, कराटेचा ड्रेस अजून कपाटात आहे. पप्पा मला आरंभशूर म्हणतात. आई म्हणाली, तो गेम बंद कर, सगळे प्रश्न सुटतील.

पण मला खरंच सगळं माहीत आहे. ‘लँटर्न कोस्ट’ या गेमचे सात भाग आहेत आणि पहिला माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. माझा भाऊ दीपकदादा नोकरीला पुण्याला गेला तेव्हा हातात धरून खेळायचं त्याचं जुनं यंत्र मला देऊन गेला. त्यात सगळे भाग आहेत. सुरुवातीच्या भागांच्या काळात यंत्रातून एका वेळी तीनच आवाज निघायचे, म्हणून चाल रचणाऱ्याला एकही सूर वाया घालवता यायचा नाही. दुसऱ्या भागात दुकानात शिरलं की अकरा सेकंदांची चाल वाजते, पुन्हा पुन्हा, आणि कंटाळा येत नाही. मी काही विकत न घेता दुकानात उभी राहते. चौथ्यातल्या बासरीचं लोक उगाच कौतुक करतात. पाचव्यात गाण्यांना शब्द दिले, ज्याने कोणी ते सुचवलं त्याला पुन्हा स्टुडिओत घेऊ नये.

आणि तिसरा भाग. त्यात बंदरावरचा एक धक्का आहे. होडी दिवसातून एकदाच येते, तोवर नुसतं उभं राहायचं आणि ती चाल ऐकायची. ती ऐकत राहावी म्हणून मी आलेली होडी सोडून दिली आहे. एकदा नाही, कितीतरी वेळा.

सातव्या भागाला ऐंशी वादक होते, वर गाणाऱ्यांचा ताफा. शेवटी शहर बुडतं तेव्हा सगळे मिळून जे वाजवतात, त्याला मी खिचडी म्हणते. इंटरनेटवर सापडेल तिथे मी खाली लिहून आले आहे की यात चालच नाही. इतक्या वेळा लिहिलं की ब्राझीलचा एक मुलगा मला ‘चाल कुठे बाई’ अशा अर्थाच्या नावाने चिडवतो.

तर मी मास्टरांना विचारलं. त्यांचं नाव रहीमचाचा. पांढरी दाढी, मांडीवर क्लॅरिनेट. मागे नौशीन आणि रूपा एकमेकींना धरून हसत होत्या. चाचांनी एवढंच विचारलं की कशी आहे चाल, म्हणून दाखव. मी फोन काढायला लागले तर ते म्हणाले, “फोन नाही बेटा. तुझ्या गळ्यातून.”

मी वर्गात प्रार्थनासुद्धा हळू म्हणते. पण खुर्च्यांचं ते वाक्य आठवलं आणि मी डोळे मिटून धक्क्यावरची चाल गुणगुणले. पूर्ण. मधे एकदा आवाज फाटला, तरी थांबले नाही.

चाचांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि ती चाल वाजली. पिंप्राळ्यात, लिंबाखाली, लग्नाच्या मांडवाशेजारी. माझी फाटलेली जागासुद्धा त्यांनी नीट करून दिली. नौशीनचं हसणं थांबलं. ती हार्मोनियमच्या क्लासला जाते, तिला कळतं. चाचा म्हणाले, चांगली आहे, गर्दी नाही हिच्यात. त्यांचीही बँडपार्टी सुरुवातीला चौघांचीच होती, तेव्हा एक जण चुकला की सगळ्या गल्लीला कळायचं.

हे ऐकून मला इतकं बळ आलं की मी सातव्या भागावर घसरले. ऐंशी जण असून कसं काहीच हाती लागत नाही, ते मी जवळजवळ भाषण करून सांगितलं. चाचा म्हणाले, ते पण लाव मग. या वेळी फोन चालला, कारण तो त्यांच्या गाडीला जोडायचा होता. बँडची गाडी म्हणजे दिव्यांची झालर लावलेली, कपाटाएवढे स्पीकर असलेली. मी वायर जोडली.

आता माझी चूक सांगते. मी लँटर्न कोस्ट आयुष्यभर त्या छोट्या यंत्रावर नाहीतर फोनवर ऐकलं होतं. दोन्हींचे स्पीकर नखाएवढे. त्यातून वरचं वरचं येतं, खालचं येतच नाही. गाडीतून सातव्या भागाचा शेवट सुरू झाला आणि माझ्या चपलेखालची जमीन थरथरली. तरीही मला खिचडीच ऐकू आली.

चाचांच्या मागे चिंधाभाऊ बसले होते. ते युफोनियम वाजवतात, ते मांडीवर घेऊन बसायचं पोटफुगं पितळी वाद्य. तोवर ते तंबाखू मळत होते. त्यांचा हात थांबला. मला म्हणाले, “पोर, तू वरलंच आयकी राह्यनी. चाल त खाले शे.”

मी म्हटलं, खाली काय आहे? त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, वाद्य उचललं आणि गाडीतल्या आवाजाबरोबर अगदी खालचे सूर धरले. एक लांब सूर. मग दुसरा. चौथ्या सुराला माझ्या अंगावर काटा आला. ती धक्क्यावरची चाल होती. निम्म्या गतीने, सगळ्या गोंगाटाच्या तळाशी. शहर बुडत होतं आणि खाली कोणीतरी अजून होडीची वाट बघत होतं.

इतकी वर्षं ती तिथे होती. मी तिच्यावरच पाय देऊन ‘चाल कुठे आहे’ विचारत होते.

रूपा म्हणाली, ज्योतीचा चेहरा बघा, कोणी मारल्यासारखा झालाय. पण मला वाईट वाटत नव्हतं. मी चिंधाभाऊंना विचारलं की हे वाजवायला किती सूर लागतात. ते म्हणाले, पाच. मग मी वाजवून बघू का, असं विचारलं. याची पैज कोणी लावली नव्हती.

त्यांनी वाद्याची फुंकायची बाजू पुसून ते माझ्या मांडीवर ठेवलं. पहिल्या फुंकेला नुसता वारा आला. दुसऱ्या फुंकेला म्हैस ओरडल्यासारखं झालं आणि मांडवातली सगळी पोरं धावत आली. कुणी म्हणालं, नवरी पळाली वाटतं बँडमध्ये. मी पोटातून श्वास घेतला, ओठ आवळले, चिंधाभाऊंनी दाखवलं तसं, आणि तिसऱ्यांदा फुंकलं. सूर निघाला. एकच, पण लांब, आणि तो माझ्या बरगड्यांमधून गेला.

तेवढ्यात वऱ्हाड आल्याची ओरड झाली आणि बँड उभा राहिला. जाता जाता चाचांनी सांगितलं की दर रविवारी सकाळी त्यांच्या शेडवर सराव असतो, एक जुनं युफोनियम तिथे पडून आहे. “पण घरी विचारून ये,” ते म्हणाले. त्यांच्या पार्टीत आजवर मुलगी आली नव्हती, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मला दिसत होतं.

घरी येऊन मी ब्राझीलच्या त्या मुलाला कळवलं की सातव्या भागाबद्दल मी चुकले होते. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. चौथ्यातल्या बासरीचं मत मात्र बदललं नाही.

आज रविवार. आई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. पप्पा पाइप कंपनीतली रात्रपाळी करून नुकतेच आले होते, बशीत चहा ओतत होते. मी वेणी घालून, चपला घालून दारात उभी राहिले. गुणगुणताना फाटला होता तसा आवाज फाटेल असं वाटलं, म्हणून आधी पोटातून श्वास घेतला, काल शिकवला तसा.

“आई, पप्पा, मी विचारायला नाही, सांगायला उभी आहे. मी बँडमधलं युफोनियम शिकणार आहे, रहीमचाचांच्या शेडवर, दर रविवारी. पहिल्या दिवशी तुम्ही दोघं सोबत चला आणि माणसं बघून घ्या. उद्या मी सुलक्षणा मॅडमना वाद्याचं नाव देणार. वरची चाल नौशीन हार्मोनियमवर वाजवेल, ती कालच हो म्हणाली, खालची मी. पाचच सूर आहेत, त्यातला एक मला येतो. आणि पप्पा, आरंभशूर म्हणायचं असेल तर स्नेहसंमेलन झाल्यावर म्हणा. तुमच्यासाठी खुर्ची धरून ठेवते.”