उंचीचं नंतर बघू

लंबूच्या आत्याचं म्हणणं असं, की खोटं कधी बोलू नये, पण खरं बोलायची घाईही करू नये. या तत्त्वावर तिने नात्यातली बरीच लग्नं जमवली होती आणि आता सख्ख्या भाच्याचं जमत आलं होतं.

मुलगी परदेशात दातांची डॉक्टर. मुलगा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासणारा, हाताने कसबी आणि उंचीने ताडमाड. गावातली एकही चौकट त्याच्या कपाळाने सोडली नव्हती. कुणाचा पंखा पुसायचा असला, माळ्यावरचा डबा काढायचा असला की नातेवाइकांना लंबू आठवे. मुलगी सुचवायची वेळ आली की मात्र सगळे ‘बघू हं’ म्हणून चहा पिऊन जात. तीन ठिकाणी नकार आला तो उंचीवरूनच. एका मुलीची आई तर तोंडावर म्हणाली, “जोडीचा फोटो काढायचा झाला तर एक तर याचं डोकं येईल, नाही तर आमची मुलगी.” लंबू तिथे सगळ्यांबरोबर हसला. घरी येऊन जेवला मात्र नाही.

म्हणून या खेपेला आत्याने माहितीत ‘उंची चांगली’ एवढंच कळवलं आणि व्हिडिओ कॉलच्या वेळी त्याला खुर्चीत बसवलं.

“उंचीचं नंतर बघू,” ती म्हणाली. “आधी माणूस तर आवडू दे.”

माणूस आवडला. पहिल्या कॉलला आत्या शेजारी होती, दुसऱ्याला दाराआड, आणि पुढचे इतके लांबत गेले की तिने नाद सोडला. डॉक्टरीण दिवसभर लोकांच्या तोंडात डोकं घालून शिणलेली असे. याच्याशी बोललं की शीण जातो, असं तिनेच सांगितलं. लंबूचं तर विचारूच नका. भिंग घासता घासता एकटाच हसायचा, आणि दुकानाचे मालक काळजीने आत डोकावून जायचे. पण बोलताना घसा कोरडा पडला तरी हा बाबा पाण्यासाठी उठत नसे. उठला की पडद्यावर नुसती शर्टाची बटणं दिसणार! ती जसजशी आवडत गेली तसतसं सांगणं अवघड होत गेलं. आधी सांगायचं ते नकाराच्या भीतीने राहिलं, आता ‘इतके दिवस का नाही बोललास’ या प्रश्नाच्या भीतीने राहू लागलं.

शेवटी ठरलं, आत्या आणि लंबूने तिकडे जायचं, समोरासमोर भेटायचं आणि मग होकार पक्का करायचा.

“भेटल्या भेटल्या सांगून टाकणार,” लंबू म्हणाला. आत्या बॅग भरत राहिली.

आत्याने स्वतःसाठी विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवली होती. तिच्या पायांना काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. रोज ओल्या कपड्यांची बादली घेऊन ती गच्चीपर्यंत जिने चढत असे. पण व्हीलचेअर सांगितली की रांगेत तिष्ठावं लागत नाही, ढकलायला माणूस मिळतो आणि परक्या मुलखात चुकामूक होत नाही, हे ज्ञान समस्त आत्या-मावश्यांना कुठून मिळतं, देव जाणे.

विमान ज्याने बनवलं त्याच्या घरात सगळे बुटकेच असणार. लंबूचे गुडघे पुढच्या सीटच्या पाठीत रुतले. पुढच्या गृहस्थांनी सीट मागे टाकायला बटण दाबलं, तर ती गुडघ्यांवर अडली. सीट बिघडली असं समजून त्यांनी अंगाचा जोर लावला. मग पुन्हा लावला. मग त्यांनी हवाईसुंदरीला बोलावलं आणि तिनेही लावला. लंबूने पाय बाजूला काढले तर जेवणाची गाडी आली. शेजारी आत्या मांडी घालून गाढ झोपली होती, आणि तिला आणखी दोन पाहुणे बसवता आले असते एवढी तिच्यापुढे जागा शिल्लक होती.

विमान टेकलं तोवर त्याचा उजवा गुडघा आखडून लाकूड झाला होता. उठायला गेला तो वरच्या कप्प्यावर डोकं आपटून पुन्हा खाली बसला. कसाबसा लंगडत दारापर्यंत आला. तिथे आत्याची व्हीलचेअर तयार होती. आत्याने भाच्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं.

“तू बस यात.”

“आणि तू?”

“मला काय धाड भरलीय? चालते की!”

असं म्हणून आजारी बाई तुरुतुरु पुढे निघाली. खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला आपली भाषा येत नव्हती, पण त्याला काय समजायचं ते समजलं.

खुर्चीत बसल्यावर मात्र लंबूला नवल वाटू लागलं. लोकांची टाळकी सोडून त्यांचे चेहरे दिसत होते. पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबाच्या कॅमेऱ्यात एरवी त्याचा गळा आला असता, तिथे त्याचा अख्खा चेहरा आला, आणि साहेब चक्क हसले. कुणी मान वर करून पाहिलं नाही, कुणी “वर हवा कशी आहे?” म्हणून विचारलं नाही. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय याची थोडी लाजही वाटली.

बाहेरचं दार जवळ आलं तशी आत्या त्याच्या कानाशी वाकली. भाच्यापुढे वाकायची पाळी तिच्यावर कितीतरी वर्षांनी आली होती.

“आज असाच बसून राहा.”

“आत्या, मी सांगणार आहे.”

“सांग की. उद्या सांग. ती बघ, आलीच.”

कठड्यापलीकडे डॉक्टरीण उभी होती. तिने हात वर केला, आणि तिला खुर्ची दिसली. हात तसाच राहिला. लंबूने तिचा चेहरा पाहिला. ती काय समजली असेल हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

ती सावकाश चालत आली. त्याच्यासमोर उकिडवी बसली.

“दमलास?” ती म्हणाली. “एवढं मनात ठेवायचं होतं होय रे? सांगायचंस ना.”

“अगं, तसं नाही—”

“असू दे. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. त्याचं मी बघते.” ती उठली आणि त्या माणसाच्या हातातून खुर्ची आपल्या हातात घेतली.

आत्याने लंबूकडे ‘गप बस’ म्हणून डोळे मोठे केले. आजवर लंबू आत्याच्या शब्दाबाहेर गेला नव्हता.

“थांब,” तो म्हणाला, आणि उभा राहू लागला.

ते एका दमात होणारं काम नव्हतंच. पाय उलगडले, कंबर सरळ झाली, मग खांदे वर गेले आणि त्यांच्या मागोमाग डोकं. डॉक्टरिणीची मान वर वर जात राहिली. ढकलणारा माणूस दोन पावलं मागे सरला आणि हळूच काहीतरी पुटपुटला.

“तू चालू शकतोस?”

“हो. एक गुडघा तेवढा विमानात आखडलाय. मी फार उंच आहे. तेच लपवलं होतं.”

डॉक्टरीण मटकन त्या रिकाम्या खुर्चीत बसली. रडते की हसते, लंबूला वरून कळेना.

“त्या कठड्यापासून इथवर येईपर्यंत मी मनात काय काय केलं माहितीये?” ती म्हणाली. “तळमजल्यावरचं घर घेतलं. त्याचा उंबरठा काढून टाकला. बाबांना काय सांगायचं ते ठरवलं, ते नाही म्हणाले तर काय करायचं तेही ठरवलं. आणि तुला हातभर उंचीपुरतासुद्धा माझा भरवसा नव्हता?”

आत्या बॅगेची चेन उघडून बंद करू लागली.

“चुकलं माझं,” लंबू म्हणाला. “आधी तिघींनी नाही म्हटलं, ते मी सोसलं. तू म्हटलेलं सोसलं नसतं.”

तिची नजर त्याच्या बुटांवर गेली.

“माझ्याकडे दिवसभर माणसं आडवीच असतात,” ती म्हणाली. “उंच कोण, बुटका कोण, मला काय कळतंय? अजून काय लपवलंयस ते आत्ताच सांग.”

“बुटांचा नंबर. माझ्या मापाचे मिळत नाहीत.”

“आणि घोरतो,” आत्या म्हणाली.

“आत्या!”

“आता सगळं सांगायचंच आहे ना?”

डॉक्टरीण उठली आणि त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिचा भांग त्याच्या शर्टाच्या खिशाला लागत होता. तिने मान वर केली, त्याच्या डोक्याकडे पाहिलं, मग मनातल्या मनात कसलासा हिशेब केल्यासारखे डोळे बारीक केले.

“माझ्या घराचं छत फार खाली आहे,” ती म्हणाली.

“मग?” लंबूने विचारलं.

“मग काय? घर तर बदलावंच लागणार.”